रामघाटावरचे मासे

मुलीच्या सासूबाई रत्नागिरीहून पहिल्यांदाच उज्जैनला आल्या, तेव्हा विनोदिनीबाईंनी एका दिवसात अख्खं शहर दाखवायचा चंगच बांधला. सकाळी पोहे-जिलबी, मग महाकाल, भैरवगढला छापाच्या चादरी, दुपारी तुपात बुडवलेले दाल-बाफले! विहीणबाई सगळ्याला "छान आहे हो" म्हणायच्या, पण चेहरा काही खुलेना.

संध्याकाळी रामघाटावर विनोदिनीबाईंनी त्यांच्या हातावर माशांना घालायच्या कणकेच्या गोळ्या ठेवल्या. "टाका, मोठं पुण्य आहे!"

पहिली गोळी पडताच पाणी उसळलं आणि विहीणबाई आनंदाने ओरडल्याच, "अगं बाई, केवढे हे मासे! काय तुकड्या पडतील एकेकाच्या!"

शेजारचे पंडितजी दचकून वळले. विहीणबाईंना भान कुठलं! ओलं खोबरं, तिरफळं, आमसुलं... हातवारे करत त्यांनी अख्खं कालवण रांधून दाखवलं.

अंडं नुसतं दिसलं तरी नाक मुरडणारे भय्यासाहेब पलीकडे डोळे मिटून नदीला हात जोडत होते. नवऱ्याकडे एकदा बघून विनोदिनीबाई विहिणीच्या कानाशी वाकल्या.

"दिवाळीनंतर मी येते रत्नागिरीला. एकटीच!"