ऑपरेशनच्या खोलीतली चित्रे

मित्रांनो, जरा डोळे मिटा आणि माझ्याबरोबर कल्पना करा. तुमच्यासमोर कुणीतरी छत्रीचे चित्र धरले आहे. छत्री तुम्हाला स्वच्छ दिसते आहे. ती उघडायची कशी, मिटायची कशी, सारे ठाऊक आहे. फक्त तिचे नाव काही केल्या तोंडातून बाहेर पडत नाही. ओठ हलतात, आवाज फुटत नाही. समोरचा माणूस वाट पाहतो आहे आणि तुमचा जीव कासावीस होतो आहे.

आता डोळे उघडा. तुम्हाला ते नाव सहज म्हणता येते. ज्यांना येत नाही, त्यांच्यासाठी माझा जन्म झाला.

मी एक जुनी चित्रांची गड्डी आहे. पत्त्यांपेक्षा मोठी, वहीपेक्षा लहान. मेंदूच्या शस्त्रक्रिया जिथे होतात, अशा एका रुग्णालयात मी राहते. ज्यांचे बोलणे अडखळते त्यांना पुन्हा बोलते करणाऱ्या एक ताई इथे आहेत. त्यांनी मला दुकानांच्या पाट्या रंगवणाऱ्या एकाकडून चितारून घेतले. "काळी रेघ, पांढरा कागद, बाकी नखरे नकोत. आणि प्रत्येक चित्राला एकच नाव सुचलं पाहिजे," असे त्यांनी बजावले होते. त्या कसोटीत माझ्यातले गाढव नापास झाले. ज्याला दाखवावे तो त्याला घोडा म्हणे.

"अहो ताई, कान तरी बघा त्याचे!" पाट्यावाला कळवळून म्हणाला.

"मी बघितले. पण लोक बघत नाहीत ना," ताई म्हणाल्या, आणि गाढव गड्डीबाहेर गेले. उरलेल्या चित्रांवर पारदर्शक प्लास्टिक चढले, म्हणजे औषधाने पुसता यावे. मी कामाला लागले.

माझे काम काय, ते नीट ऐका. मेंदूत कधीकधी एखादी गाठ वाढते. ती जर बोलण्याच्या जागेला खेटून वाढली, तर गाठ कुठे संपली आणि बोलणे कुठे सुरू झाले, हे नुसत्या डोळ्यांनी डॉक्टरांना कळत नाही. म्हणून अशा काही रुग्णांना शस्त्रक्रियेच्या मधल्या भागात जागे ठेवतात आणि बोलते ठेवतात. अंगावर काटा आला ना? ऐकणाऱ्या प्रत्येकाच्या अंगावर येतो. पण खुद्द मेंदूला दुखणे कळत नाही. कळते ते वरच्या कातडीला, आणि ती इंजेक्शने देऊन आधीच बधिर केलेली असते. डॉक्टर मेंदूवर एकेका जागी विजेचा अगदी सौम्य स्पर्श करतात. त्याच वेळी ताई माझे एकेक चित्र दाखवतात. नाव सांगता आले, तर ती जागा मोकळी. अडले, तर तिथे हात लावायचा नाही.

कितीतरी वर्षे मी हे काम केले. बरी होऊन घरी निघालेली माणसे मला मुद्दाम पाहायला मागत. एका आजोबांनी तर मला थोपटले होते. मग चित्रे दाखवणारा एक चकचकीत पडदा आला. माझी रवानगी खणात, मास्कच्या खोक्याखाली झाली. माझे कोपरे झिजले, प्लास्टिक पिवळे पडले. मीही मनाची समजूत घातली, की आपले दिवस संपले.

एके दिवशी खण उघडला. आलेल्या रुग्णाला पडद्याच्या उजेडाने डोके दुखत होते, म्हणून ताईंना माझी आठवण झाली.

तो होता एक केस कापणारा कारागीर. दुकानात त्याची कात्री आणि जीभ बरोबरीने चालत. अलीकडे मात्र तो गोष्ट सांगता सांगता मध्येच थांबू लागला होता. एकदा तर गिऱ्हाइकासमोरच त्याला आकडीचा झटका आला आणि तो खाली कोसळला. तपासणीत डोक्याच्या डाव्या बाजूला गाठ दिसली. त्याच्याबरोबर बायको आली होती आणि नऊ-दहा वर्षांची लेक. शाळा सुटली की ती दुकानात गल्ल्यापाशी बसे, म्हणून बाप तिला मालकीणबाई म्हणे.

"तू बाहेर बस हं, बाबांचं डोकं जरा दुखतंय, एवढंच," आई तिला म्हणाली.

"तिला बाहेर पाठवू नका," ताई म्हणाल्या. "काहीतरी आहे हे तिला कळलंय. तुम्ही सांगितलं नाही, तर ती मनानंच काहीतरी धरून बसेल."

ती धरून बसलीच होती. तिने ऑपरेशन करणाऱ्या मोठ्या डॉक्टरांकडे पाहिले आणि एका दमात म्हणून टाकले, "मी कपाटाचं दार उघडं ठेवलं होतं. ते बाबांना लागलं. म्हणून गाठ आली ना?"

डॉक्टर खुर्ची ओढून तिच्यासमोर बसले. "कपाटाच्या दारानं टेंगूळ येतं गं, अशी गाठ नाही. ही का आली ते मलाही सांगता येणार नाही. पण तुझ्यामुळे आली नाही, हे मी अगदी नक्की सांगतो."

लेकीने एवढा मोठा श्वास सोडला, की माझे वरचे चित्र हलले.

मग डॉक्टरांनी अवघड गोष्ट सांगितली. गाठ बोलण्याच्या जागेला चिकटलेली होती. सगळी काढण्याचा हट्ट धरला, तर बोलणे कायमचे जाण्याची भीती. थोडी ठेवली, तर ती पुढे वाढण्याची भीती. मग औषधे, किरणांचे उपचार आणि वरचेवर तपासण्या.

"सगळी काढा डॉक्टर," बायको म्हणाली. "नाही बोलले तरी चालेल मला. माणूस राहू दे."

"तुला तेवढीच शांतता," कारागीर हसत म्हणाला. बायको हसली नाही. मग तोही गंभीर झाला. "अगं, मुक्यानं बसून राहिलो तर मी राहिलो असं मला वाटेल का? डॉक्टर, जेवढी निघेल तेवढी काढा. पण लेकीला हाक मारता येईल एवढं ठेवा."

"प्रयत्न करेन. वचन देता येणार नाही," डॉक्टर म्हणाले.

त्यानंतर ताईंनी माझे एकेक चित्र त्याला दाखवले. ज्यांची नावे सांगताना तो जराही चाचरला, ती चित्रे बाजूला काढली. कारण ऑपरेशनच्या वेळी जे अडेल ते विजेच्या स्पर्शाने अडले, हे पक्के कळायला हवे. कात्रीचे चित्र आले तेव्हा तो म्हणाला, "हिला विसरलो तर घरात घेणार नाहीत!"

ऑपरेशनच्या दिवशी त्याच्या डोक्याचा एक भाग भादरला. वस्तरा दुसऱ्याच्या हाती होता आणि हा त्याला चुका दाखवत होता. मग त्याला झोपवले. जाग आली तेव्हा त्याचे डोके एका चौकटीत घट्ट धरलेले होते. डॉक्टर निळ्या कापडाच्या पलीकडे होते. अलीकडे ताई, मी आणि त्याचा चेहरा.

"डॉक्टर," तो कोरड्या ओठांनी म्हणाला, "मागून बारीक करा, वरून राहू द्या."

"गिऱ्हाईक फार बोलकं आहे," पलीकडून आवाज आला. "असंच बोलत राहा. हलू मात्र नका."

ताईंनी चित्रे दाखवायला सुरुवात केली. "हा मासा. ही घंटा. हे घर." मग शिडी आली. "ही... ही..." त्याचे डोळे विस्फारले. स्पर्श दूर होताच शब्द बाहेर पडला, "शिडी!" डॉक्टरांनी पुन्हा तपासले. पुन्हा तेच. त्या जागेवर त्यांनी कागदाचा एक इवलासा तुकडा ठेवला. ती जागा आता राखलेली.

गाठ निघू लागली. बराच वेळ मी येत-जात राहिले आणि तो नावे सांगत राहिला. मग ताईंनी हत्ती दाखवला आणि तो म्हणाला, "मासा." टोपी दाखवली, "मासा." त्याचे त्यालाच कळले. डोळ्यांतून पाणी ओघळले.

"चुकतायत," ताई हळूच म्हणाल्या.

"थांबतो," मोठे डॉक्टर म्हणाले.

"सर, आता थोडीच राहिलीय," मदतनीस डॉक्टर म्हणाले.

"दिसतेय मला," मोठे डॉक्टर म्हणाले. "थांबायचं."

दुसऱ्या दिवशी त्याचा एक डोळा सुजून मिटला होता, डोक्याला पट्टी होती आणि शब्द जवळजवळ नाहीसे झाले होते. लेकीला पाहून तो तिला नेहमीची हाक मारायला गेला, पण "मा... मा..." एवढेच म्हणू शकला. बायको भिंतीला टेकून रडू लागली. ताईंनी तिला पाणी दिले. मेंदूला सूज आहे, ती उतरायला वेळ लागतो, तोवर बोलणे आधीपेक्षाही कमी होऊ शकते, हे त्यांनी पुन्हा समजावले. बहुतेकांचे बरेचसे परत येते. सगळे येईलच असे नाही. खोटा धीर त्यांनी दिला नाही. काढलेल्या गाठीचा तुकडा तपासायला गेला होता. त्याच्या निकालावर पुढचे उपचार ठरणार होते.

घरी जाताना ताईंनी मला त्याच्या सरावासाठी दिले. खणात पडलेल्या माझ्यासारखीला याहून मोठा मान कोणता?

घरी तो लवकर दमे. वस्तऱ्याला इतक्यात हात लावायचा नव्हता. दुपारी तो माझ्यासमोर बसे. काही शब्द पटकन येत, काही खूप लांबून येत. तो थांबला, की बायकोच्याने राहवत नसे. "फुगा, फुगा म्हणायचंय ना तुम्हाला?" तिला मदतच करायची होती. पण तिने शब्द पुरवला, की तो मान खाली घाले आणि पुढचा शब्द शोधायचेच सोडून देई. तो दिवसेंदिवस गप्प होत चालला.

एका दुपारी किल्लीचे चित्र आले. त्याने बोटांनी हवेत किल्ली फिरवून दाखवली. "कि..." तो म्हणाला. "कि..."

"किल्ली!" बायको म्हणाली.

त्याने मला उचलून भिरकावले. माझी चित्रे खोलीभर उडाली. काही पलंगाखाली गेली, काही दारापर्यंत. तो हातांत तोंड लपवून बसला. बायको जागच्या जागी गोठून गेली.

मित्रांनो, मला लागल्याचे दुःख नाही. माझे एक मागणे मात्र ऐका. मेंदूच्या ऑपरेशननंतर माणूस घरी येतो तेव्हा त्याला औषध लागते, झोप लागते, आणि सगळ्यात जास्त लागतो वेळ. त्याचा शब्द त्याच्या आत कुठेतरी वाट काढत असतो. तुमचा शब्द मध्ये आणून टाकलात, तर ती वाट बुजते. गप्प राहणे सोपे नाही, ठाऊक आहे मला. पण प्रेमाच्या माणसासाठी तेवढे करा.

हे त्या लेकीला कुणी सांगितले होते की नाही, मला माहीत नाही. तिने पलंगाखाली वाकून माझी चित्रे गोळा केली. आईचा हात धरून तिला शेजारी बसवले. मग बाबांसमोर मांडी घातली, किल्लीचे चित्र समोर धरले, मोकळ्या हाताचा तळवा अलगद आईच्या ओठांवर ठेवला, आणि बाबांच्या तोंडाकडे पाहत वाट बघू लागली.