यमुना दुसऱ्या युनिटात कोंडली

आरती झाली, बुक्का लावून घ्यायला रांग लागली, आणि एक मुलगी कीर्तनकार कुसुमताईंच्या पाया पडून तिथेच उभी राहिली. नारायण पेठेतल्या त्या लहानशा देवळात कीर्तनाला कॉलेजची पोरं सहसा फिरकत नाहीत, त्यामुळे ताईंना तिचं कौतुक वाटलं.

"आजी, यमुनेचं पुढं काय झालं जी?"

"कुठली यमुना, बाळ?"

"तुमचीच. गाभाऱ्यात कोंडलेली."

मुलीचं नाव प्रियदर्शनी. वाशीमची, इथे कॉम्प्युटर शिकायला आलेली, विश्रांतवाडीत चौघींत एक खोली घेऊन राहणारी. तिच्या कॉलेजात 'कीर्तनाची ओळख' नावाचा एक विषय होता. दोन वर्षांपूर्वी कुसुमताईंनीच तो कॅमेऱ्यापुढे उभं राहून शिकवला होता आणि तेव्हापासून तो दर सहामाहीला मोबाइलवर आपोआप शिकवला जात होता. व्हिडिओ पुढे ढकलता येत नाही, मध्येच बंद केला तर हजेरी जाते. पोरी जेवताना लावून ठेवत.

"पुढचं तिसऱ्या युनिटात आहे की," ताई म्हणाल्या.

"तिसरं युनिटच नाही, आजी. दुसऱ्यात संपते. पुजारी कडी लावून निघून जाते, नदीला पाणी चढते, अन् मग डायरेक्ट परीक्षा. काऊन असं केलं तुम्ही? आमच्या रूमवर भांडणं झाली त्याच्यावरून."

ताईंच्या हातातली बुक्क्याची वाटी तशीच राहिली. यमुनेचं आख्यान त्यांनी स्वतः रचलेलं. देवळात दिवाबत्ती करणारी एक साधी बाई. ती आत आहे हे न पाहता पुजारी गाभारा बंद करतो, इतकीच गोष्ट. कॉलेजच्या समितीला सगळी युनिटं सारखी हवी होती, म्हणून ताईंनी चार युनिटांच्या शेवटी आख्यानाचा एकेक तुकडा ठेवला होता. कीर्तनाला बसलेला माणूस अर्ध्यातून उठून गेला तर देव त्याला काही म्हणत नाही, पण उभं राहिलेल्याने आख्यान अर्धं सोडायचं नसतं. कीर्तनकाराला भोवळ आली, तर दुसऱ्या कुणी उभं राहून गोष्ट आरतीपर्यंत न्यायची, असं त्यांच्या गुरूंनी शिकवलेलं.

"तुला सांगू पुढचं?"

"मले एकटीले नका सांगू. मी सांगितलं तर कोणी मानणार नाही. पोर्टलवर तर हे नाही, म्हणतील."

दुसऱ्या दिवशी ताई कॉलेजात गेल्या. विषयांचं कामकाज पाहणारे आमोद सर अदबीने उठले, खुर्ची दिली, चहा सांगितला.

"ताई, पूर्वी हा विषय चार क्रेडिटचा होता. नव्या रचनेत दोनचा झाला. दोन युनिटं ठेवली, दोन गेली."

"कुठली गेली?"

"शेवटची. पहिली काढली तर सुरुवात कुठून करणार?"

"आणि शेवट?"

"परीक्षा असते ना शेवटी." आमोद सरांनी कॉम्प्युटरचा पडदा त्यांच्याकडे वळवला. "हा बघा प्रश्न. यमुना कोठे कोंडली गेली? चार पर्याय. बहुतेक मुलं गाभारा निवडतात. कोंडली हे सिलॅबसमध्ये आहे ताई, सुटली हे नाही."

"कुणी विचारत नाही, पुढे काय म्हणून?"

"विचारायला सोय आहे की. हजेरी, मार्क, तांत्रिक अडचण. यमुना त्यात कुठे बसत नाही."

"मग दुसऱ्या युनिटातच शेवट घाला. मी दहा मिनिटांत सांगते."

"तीस तास काठोकाठ भरलेत. दहा मिनिटं घालायची तर दहा काढावी लागतील, तीही आज-उद्यात. परवा विषय कुलूपबंद होतोय, मग तीन वर्षं हात लावता येणार नाही." त्यांनी यादी खाली-वर केली. "हे निघेल. अगदी सुरुवातीचं नमन. त्यावर प्रश्न नाही."

ताई चहा न पिताच उठल्या. नमनावाचून कीर्तन म्हणजे उंबरठ्याशिवाय घर. बुधवार पेठेत दगडूशेठ गणपतीपाशी आल्या, तर रांग वळणापर्यंत गेलेली. त्यांनी रस्त्यावरूनच हात जोडले. "तू मोकळा आहेस रे," त्या पुटपुटल्या, "ती आत आहे." आणि तिथूनच आमोद सरांना फोन केला, की काढा नमन.

स्टुडिओला खिडकी नव्हती. भिंतींना जाड कापड, मागे हिरवा पडदा, आणि दार लागलं की कानांत दडे बसत. काचेपलीकडे रेकॉर्डिंगला बसलेला अभिनव म्हणाला, "ताई, दहा मिनिटं. मग आमचे सर थर्मोडायनॅमिक्स घेतायत. रीटेक नाही मिळणार."

"पडद्याला कुणी कीर्तन सांगतं का? समोर माणूस हवा."

म्हणून प्रियदर्शनीला बोलावलं. ती स्टुलावर बसली. लाल दिवा लागला. ताईंनी चिपळ्या धरल्या, डोळे मिटले आणि उभं राहिल्यावर जे आयुष्यभर ओठांवर आलं, तेच आलं. गणेशाला नमन, शारदेला नमन, गुरूंना, संतांना, समोर बसलेल्यांना. आवाज छान लागला होता. त्या घोटून घोटून गात राहिल्या.

डोळे उघडले तेव्हा प्रियदर्शनी घड्याळाकडे बोट दाखवत होती. काचेमागे अभिनवने एक बोट वर केलं होतं, एकच मिनिट उरलं म्हणून.

"पुन्हा घेऊ या?" ताईंनी विचारलं. अभिनवने मान हलवली. नाही.

पुराचं वर्णन, यमुनेचा धावा, गाभाऱ्यातला अंधार, एरवी अर्धा तास गायचं ते सगळं ताईंच्या घशाशी आलं आणि तिथेच राहिलं. त्यांनी चिपळ्या खाली ठेवल्या.

"पुजारी नदीपलीकडे घरी पोचला, जेवायला बसला. पहिल्या घासाला त्याला आठवलं, की देवळाबाहेर यमुनेच्या चपला होत्या. तो ताटावरून उठला. पाणी छातीपर्यंत होतं, तरी आला. कडी काढली. यमुना बाहेर आली. म्हणाली, दिव्यात अजून तेल आहे, सकाळपर्यंत पुरेल."

लाल दिवा विझला. प्रियदर्शनी स्टुलावर पुढे सरकली.

"एवढंच?"

"एवढंच बाळ," ताई घाम पुसत म्हणाल्या. "आता आधी रूमवर फोन कर."