पट्टीपर्यंत

"किती भरलं?" मी चार्टवरून मान न उचलता विचारलं.

"तुमच्या पट्टीपत्तूर," कडूबाई म्हणाली आणि मापाचं भांडं माझ्यासमोर धरलं.

मी अकराच्या रकान्यात शंभर लिहिलं. लागोपाठ तिसऱ्या तासाला शंभर. बत्तीस खाटांचा वॉर्ड, दिवसपाळीला आम्ही दोघी सिस्टर, त्यातली एक रजेवर. पाय सुजून चपलेत मावत नव्हते. चार महिन्यांनी मी निवृत्त होणार होते, आणि खरं सांगते, त्या दिवशी कुणी आत्ताच जा म्हटलं असतं तर रिक्षा करून सरळ सावेडीला घरी गेले असते.

कडूबाईचा मुलगा कल्याण हा नागापूरच्या एका कारखान्यात वायरमन. आदल्या संध्याकाळी पॅनलवर काम करताना त्याला शॉक बसला. उजव्या तळहाताला आणि डाव्या पावलाला एवढेएवढे काळे डाग, बस्स. कडूबाईला वाटलं, मलम लावून सोडतील. पण वीज हातातून शिरून पायातून निघते तेव्हा वाटेतलं मांस आतल्या आत शिजवून जाते. त्याचा गाळ रक्तात उतरतो आणि किडनीत जाऊन बसतो. कल्याणला नळी घातली तेव्हा लघवी कोऱ्या चहासारखी आली. भरपूर सलाइन देऊन तो गाळ धुवून काढायचा, तासाला शंभर मिली लघवी झाली पाहिजे, नाहीतर किडन्या बंद पडणार आणि डायलिसिस करावं लागणार.

हे मी तिला सकाळी समजावलं होतं. दर तासाला लघवीची पिशवी रिकामी करून मोजायला मला सवड नव्हती. नातेवाइकांना मोजायला लावू नये, हे मला तेहेतीस वर्षं ठाऊक आहे. तरी लावतो. तिला आकडे येत नव्हते, म्हणून मी भांड्याला शंभरच्या रेषेवर पांढरी चिकटपट्टी लावून दिली. "इथवर आलं पाहिजे, मावशी. इथवर आलं म्हणजे पोरगा मशिनीवर जात नाही." शाबास लिडियाबाई, असं आता स्वतःलाच म्हणते.

बाराच्या राउंडला डॉक्टर आरतींनी चार्ट पाहिला, भांडंही पाहिलं. "छान. रंगही निवळला की. सलाइन थोडं कमी करा, सिस्टर." मी कमी केलं.

दोनला मी शेजारच्या खाटेचं ड्रेसिंग करत होते. वळून बघते तर कडूबाई भिंतीकडे तोंड करून, प्यायच्या बाटलीतलं पाणी त्या भांड्यात ओतत होती. अगदी हळू, पट्टीवर नजर ठेवून, मापानं दूध घालावं तसं.

"कधीपासून चाललंय हे?"

ती दचकली नाही. "नवापासनं. लई थोडं येत हुतं, बाई. तळाला. काळं."

"अहो, काय केलंत हे तुम्ही?"

"ह्याच्या बापाला मशिनीवर न्हेलं हुतं. तिसऱ्या दिशी मढंच हाती दिलं. तुमीच म्हनला ना, पट्टीपत्तूर आलं तर नेत न्हाईत? म्हनलं आजचा दिस ढकलावा. उद्या त्याचं त्यो भरंल."

मला तिचा राग आला, त्याहून माझा स्वतःचा आला. ओरडायलासुद्धा अंगात त्राण नव्हतं. पिशवी उचलून पाहिली, नळी झटकली. आत जेमतेम चमचाभर होतं.

डॉक्टर आरती धावत आल्या. सलाइन वाढवलं, रक्त तपासायला पाठवलं. पण पाच तास हातचे गेले होते. "हे आकडे कुणी मोजले?" त्यांनी विचारलं.

कडूबाई पुढे झाली. तिनं तोंड उघडायच्या आत मी म्हणाले, "सह्या माझ्या आहेत, मॅडम. मी मोजलं नाही."

संध्याकाळी कल्याणला डायलिसिसला नेलं. मला मेमो मिळाला, नोकरीतला पहिला. घरी जाताना पाहिलं तर कडूबाई डायलिसिसच्या दाराबाहेर फरशीवर बसली होती.

"सिस्टरबाई, म्या मारलं का वो त्याला?"

"नाही. आपण दोघींनी उशीर केला." थोडा वेळ तिच्याशेजारी बसले.

कल्याणचा हात कोपराखालून काढावा लागला. लघवी साफ बंद झाली. दिवसाआड मशीन. मी रोज सकाळी पिशवी बघायची, चार्टवर शून्य लिहायची. कडूबाई आता पिशवीला शिवतसुद्धा नव्हती. मी खाटेजवळ गेले की ती खिडकीशी जाऊन उभी राहायची.

बाराव्या दिवशी दुपारी तिनं मला दारातून हाक मारली. "सिस्टरबाई, नळीत कायतरी दिसतंय. म्या हात लावला न्हाई हं."

मी खाली बसले. गुडघे कुरकुरले. पिशवी भांड्यात रिकामी केली. कडूबाई पाठ करून उभी होती.

"पट्टी लई लांब हाय का?"

"पट्टी काढून टाकली मी, मावशी. पंधरा भरलंय."

"पंदरा म्हंजी कमीच की."

"कमीच आहे. पण त्याचं स्वतःचं आहे."

ती वळली. पदर तोंडाशी धरून भांड्याच्या तळाकडे बघत राहिली. मी भांडं उजेडात धरून आकडा पुन्हा एकदा वाचला, आणि मगच सही केली.