वेळेवर आलेलं उत्तर

शिंपीणबाई तोंडाच्या फटकळ. गिऱ्हाईक शहाणपण शिकवू लागलं की मशीनवरून मान वर न करता त्या असा टोला हाणत की समोरचा गप्प बसे, वर हसेही. मग त्यांना फिट येऊ लागल्या, गोळ्या सुरू झाल्या, पुढे वाढवाव्याही लागल्या. फिट थांबल्या आणि बाईंची जीभही थांबली.

म्हणजे टोमणा सुचे, पण गिऱ्हाईक जिना उतरून गेल्यावर. 'काज' हा रोजचा शब्दही अडे, बटणाच्या भोकाकडे बोट दाखवून त्या नुसत्या "ते... ते" करत बसत. सासूबाई शेजारणीला कौतुकाने सांगत, "सून अगदी गरीब गाय झालीय हो." बाईंना मात्र वेगळीच धास्ती होती. त्यांच्या वडिलांचंही असंच शब्दांपासून सुरू झालं होतं. शेवटी शेवटी ते पोटच्या लेकीला "आपण कोण?" विचारत.

एकदा तर त्यांनी कोटाला दोन्ही बाह्या डाव्या हाताच्या कापल्या. नवरा हसला, तशा बाई कापडावर डोकं ठेवून रडू लागल्या. "मी बाबांच्या वाटेने चाललेय," त्या म्हणाल्या. तो त्यांना तडक डॉक्टरीणबाईंकडे घेऊन गेला.

"हे कधीपासून?" डॉक्टरीणबाईंनी विचारलं.

"गोळी वाढवल्यापासून," बाई म्हणाल्या आणि स्वतःच थबकल्या.

"मग आधी गोळीलाच धरू. हिने काहींचा विचार मंदावतो, शब्द सापडत नाहीत. पण आपल्या मनाने बंद करू नका, फिट उलटतील. मी ही हळूहळू कमी करते आणि दुसरी सुरू करते."

बाईंना पटलं अर्धंच. दुसरी गोळी अंगवळणी पडेपर्यंत त्या रोज मनातल्या मनात घरातल्या सगळ्यांची नावं घोकत होत्या.

एका दुपारी सासूबाई मशीनपाशी येऊन म्हणाल्या, "कॉलर जरा वाकडी वाटतेय गं."

"कॉलर सरळच आहे, आई. तुम्ही मान वाकडी करून बघताय."

आपण काय बोललो हे बाईंना बोलून झाल्यावर कळलं, आणि त्यांचा जीव भांड्यात पडला. सासूबाई मटकन खुर्चीत बसल्या.

"किती दिवसांनी बोललीस," त्या म्हणाल्या. "मला वाटलं होतं, आता माझ्याशी कुणी भांडणारच नाही."