टर्नरची सर्वश्रेष्ठ

डायलिसिसच्या त्या खोलीत नवा माणूस आला की सिस्टर त्याचं वजन करायची आणि वकीलसाहेब त्याला विचारायचे, "तुमचा कोण?"

नवखा गांगरून जायचा. त्याला वाटायचं, सोबत आलेल्या नातेवाइकाची चौकशी चाललीय. मग शेजारच्या खुर्चीवरून मावशी समजावून सांगायच्या, "अरे, आजवरचा जगातला सगळ्यात मोठा खेळाडू कोण, ते विचारतायत. एक नाव सांग आणि मोकळा हो. नाहीतर मशीन सुटेपर्यंत तुझं डोकं खातील."

वकीलसाहेब मुळात वकील नव्हतेच. हयातभर कोर्टाच्या दारात उभं राहून त्यांनी पक्षकारांची नावं पुकारली होती. पण वादाची हौस अशी दांडगी, की खऱ्या वकिलाने हात टेकावेत. त्यांचा खेळाडू म्हणजे लांब पल्ल्याचा एक धावपटू. मावशींनी सगळा जन्म शिवणयंत्रावर काढलेला. त्यांची एक जिम्नॅस्ट होती. "उडी मारून खाली आली की जमिनीला टाका घातल्यासारखी उभी राहायची," असं त्या सांगायच्या. वकीलसाहेब म्हणायचे, "मावशी, पदकं मोजा, पदकं." मावशी म्हणायच्या, "तुम्हीच मोजा. मी आयुष्यभर मापं मोजली, मला आता वीट आलाय."

हा पोरखेळ वाटेल, पण त्या खोलीला त्याची गरज होती. हातात दोन जाड सुया, रक्त नळीतून बाहेर जातंय आणि धुऊन परत येतंय, हात हलवायची सोय नाही, आणि पाणी मोजूनमापून प्यायचं असल्याने तहान तर अशी की भिंतीवरच्या चित्रातल्या नदीकडे बघवत नाही. पाण्याबद्दल बोलायचं नाही, हे तिथे कुणी न सांगता सगळ्यांना ठाऊक होतं. मग बोलायचं कशाबद्दल? जे धावले, पोहले, उड्या मारून गेले, ज्यांचं शरीर त्यांचं ऐकत होतं, त्यांच्याबद्दल.

वादाचा निकाल कधीच लागायचा नाही. एकच अपवाद होता आणि तो खोलीतल्यांनीच ठरवला होता. जो कुणी जाईल, त्याचा खेळाडू त्या आठवड्यापुरता सर्वश्रेष्ठ. त्या आठवड्यात वाद बंद. हे कुणी सुरू केलं ते कुणालाच माहीत नव्हतं. सुरू करणारा केव्हाच जिंकून गेला असणार.

टर्नर पहिल्यांदा आला तेव्हा त्यालाही तोच प्रश्न विचारला गेला. लेथवर लोखंड कातण्यात आयुष्य घातलेला माणूस, बोलणं मोजकं. तो म्हणाला, "माझी धाकटी लेक. बॉक्सर आहे."

"काय काय जिंकलीय?" वकीलसाहेबांनी विचारलं.

"मोठं असं अजून काही नाही."

"मग सर्वश्रेष्ठ कशी?"

"होईल," टर्नर म्हणाला.

मावशी खुदकन हसल्या. वकीलसाहेबांनी मात्र गंभीर चेहरा केला. "अर्ज दाखल करून घेतलाय. निकाल राखून ठेवतो." त्या दिवसापासून धाकटीची प्रत्येक लढत खोलीची झाली. ती जिंकली की सिस्टर आल्या आल्या बातमी द्यायची, आणि मावशी म्हणायच्या, "आली बरं का वर तुझी पोर!"

धाकटीला बॉक्सिंग लावलं ते टर्नरनेच. वर्कशॉपच्या मागे तुळईला भुशाचं पोतं टांगून दिलं होतं. शिकवलं काय, तर जे त्याला लेथने शिकवलं होतं तेच. लोखंड पकडून फिरणाऱ्या चकजवळ कोपर बाहेर गेलं की बाही सापडते, आणि बाही सापडली की हात. म्हणून कोपर आत. पोरीच्या दोन्ही काखांत तो वर्तमानपत्राच्या घड्या देऊन तिला पोत्यावर सोडायचा, आणि घडी खाली पडली की पुन्हा पहिल्यापासून. पोरगी रडायची, चिडायची, पण करायची. पुढे तिला मोठे प्रशिक्षक मिळाले, त्यांनी बऱ्याच गोष्टी बदलल्या. कोपराला मात्र कुणी हात लावला नाही, कारण तिथे बोट ठेवायला जागाच नव्हती.

आणि मग टर्नरचा हात दगा द्यायला लागला. डायलिसिससाठी मनगटापाशी शीर आणि धमनी जोडून केलेली जागा असते. तिच्यावर बोट ठेवलं की आत मशीन चालू असल्यासारखी घरघर जाणवते. टर्नर रोज सकाळी उठला की आधी ती घरघर तपासायचा. एका सकाळी ती जाणवली नाही. दुसऱ्या हातावर जागा केली, ती काही महिन्यांत बुजली. आता मानेत नळी होती. डॉक्टरांनी त्याला आणि त्याच्या बायकोला समोर बसवून सांगितलं, की नळीवर फार काळ काढता येत नाही, किडनी मिळाली तर बघा.

बायकोला साखरेचा आजार, तिची किडनी चालणार नव्हती. लग्न होऊन गेलेल्या थोरलीचा रक्तगट जुळत नव्हता. उरली धाकटी. ती कुणाला न विचारता जाऊन रक्त देऊन आली, आणि जुळणी अशी झाली की डॉक्टरांनाही नवल वाटलं.

"देता येईल," डॉक्टर म्हणाले. "पण एक सांगून ठेवतो. एका किडनीवर माणूस नोकरी करेल, संसार करेल, पळेलसुद्धा. रिंगमध्ये मात्र पाऊल टाकायचं नाही. उरलेल्या एकीवर एक ठोसा बसला, तर आज बाप जिथे बसतो तिथे ही बसेल."

"चालेल," धाकटी म्हणाली. पुढची लढत कुठे आहे असं विचारल्यावर जेवढ्या सहज सांगेल, तेवढ्याच सहज.

घरी आल्यावर टर्नरने आवाज चढवला. "मी नाही म्हणतोय. ऐकू येतंय ना? राष्ट्रीय संघाची निवड तोंडावर आलीय आणि तुला हे सुचतंय!"

"निवड काय, पुढच्या वर्षी पण असते," धाकटी म्हणाली. "तुम्ही असाल का पुढच्या वर्षी?"

बायको मधे पडली. "तिला द्यायचीय ना? देऊ दे की. तुमच्यानंतर आम्ही त्या पदकांचं काय करायचंय? तोंड बघायचं त्यांत?"

टर्नर बोलून गेला, "असं करू. निवडीची लढत होऊ दे. जिंकलीस तर हा विषय कायमचा बंद. कुणी पुन्हा काढायचा नाही. हरलीस तर तू म्हणशील तसं."

त्याला वाटलं, आपण पोरीला कात्रीतून सोडवलं. ती हरणं शक्यच नव्हतं. त्या वजनगटात तिच्या जवळपास फिरकेल अशी एकही मुलगी नव्हती. पण माणसाला नुसतं 'नाही' म्हणून थांबता येतं. टर्नर थांबला नाही. त्याने दाराला बारीकशी फट ठेवली, आणि ती कुणासाठी ठेवली ते त्याने स्वतःला विचारलं नाही.

धाकटी म्हणाली, "शब्द?"

"शब्द," टर्नर म्हणाला.

खोलीत त्याने यातलं काहीच सांगितलं नाही. सांगितलं असतं तर वकीलसाहेबांनी दोन्ही बाजू मांडल्या असत्या, आणि त्याला कुठलीच ऐकायची नव्हती. पुढच्या आठवड्यात वकीलसाहेबांची खुर्ची रिकामी राहिली. सिस्टरने मशीन पुसलं, नळ्या काढून ठेवल्या आणि हलक्या आवाजात म्हणाली, "झोपेतच गेले." मावशी म्हणाल्या, "मग या आठवड्याला धावपटू." पदराने डोळे पुसून पुढे म्हणाल्या, "जिंकायची एवढी काय घाई होती मेल्याला!"

त्या दिवसापासून टर्नरला भीतीने ग्रासलं. आतापर्यंत मरण ही डॉक्टरांनी सांगायची गोष्ट होती, आता ती शेजारच्या खुर्चीवर येऊन बसली. घरात पाण्याचा ग्लास समोर आला की त्याला वाटायचं, हा सगळाच्या सगळा एकदा तरी प्यायला मिळायला हवा. रस्त्यातून चालणारी, जिने चढणारी, चहाला नको म्हणणारी माणसं बघून त्याच्या अंगाचा तिळपापड व्हायचा. जगायचं होतं त्याला. इतकं जगायचं होतं, की पोरीच्या लढतीचा विचार आला की छातीत दोन आवाज उठायचे, आणि त्यातल्या दुसऱ्याचा त्याला मनस्वी राग यायचा.

निवडीची लढत नेमकी त्याच्या डायलिसिसच्या वेळीच आली. सिस्टरने आपला फोन टेबलावर उभा करून दिला. "आपल्या पोरीचा सामना आहे, आज कुणी झोपायचं नाही," असा तिने सगळ्यांना दमच भरला. मावशींनी चष्मा पुसून घेतला.

पहिल्या फेरीत धाकटीने समोरच्या मुलीला दोरांपर्यंत मागे रेटलं. मावशींनी मोकळ्या हाताने खुर्चीवर थाप मारली. दुसऱ्या फेरीतही तेच चाललं होतं, आणि मग टर्नरला ते दिसलं. उजवं कोपर बरगडीपासून सुटलं. अगदी थोडं, घडी खाली पडेल एवढंच. समोरच्या मुलीचा ठोसा नेमका तिथे बसला. धाकटी वाकली, सावरली. कोपर पुन्हा सुटलं. पुन्हा तिथेच ठोसा.

"दमली का गं ती?" मावशींनी सिस्टरला विचारलं.

या पोरीने लहानपणी तापातसुद्धा घडी पडू दिली नव्हती. तिसऱ्या फेरीत ती हात खाली घेऊन उभी राहिली आणि एक सरळ ठोसा तिने चेहऱ्यावर येऊ दिला. चुकवायला तिच्याकडे हवा तेवढा वेळ होता. ती खाली बसली. पंच आकडे मोजायला लागले. ती उठली, पण सावकाश, सगळ्यांना दिसेल अशी सावकाश. शेवटी पंचांनी दुसऱ्या मुलीचा हात वर केला, तेव्हा धाकटीने सुस्कारा टाकला. कारखान्यातली पाळी संपवून घरी निघालेला माणूस टाकतो तसा.

"अगं बाई, हरली की पोर!" मावशी हळहळल्या. सिस्टरने फोन बंद केला आणि टर्नरच्या खांद्यावर हात ठेवला. "वाईट वाटून घेऊ नका हो काका."

काकांना वाईट वाटत नव्हतं. तेच तर भयंकर होतं. पंचांनी दुसऱ्या मुलीचा हात वर केला त्या क्षणी त्याला जे वाटलं, त्याला आनंदाशिवाय दुसरं नाव नव्हतं.

संध्याकाळी धाकटी घरी आली तेव्हा तिचा ओठ सुजला होता. बायको चुलीपाशी पाठमोरी उभी होती. टर्नर टेबलाशी बसला होता.

"ती चांगली खेळली बाबा," धाकटी म्हणाली.

"तुझं कोपर उघडं पडत होतं."

तिने त्याच्याकडे पाहिलं. डोळे हलले नाहीत. "दमले होते."

एवढंच बोलायचं होतं टर्नरला, की तू दमली नव्हतीस, तू शब्द पाळला नाहीस, म्हणून माझाही शब्द मोडला. वाक्य जिभेवर तयार होतं. ते बोललं की पोरगी रडली असती, भांडली असती, पण तिला परत रिंगमध्ये जावं लागलं असतं. टर्नरने तिच्या ओठाकडे पाहिलं, हातांकडे पाहिलं. त्याने तोंड उघडलं.

"होतं असं कधीकधी," तो म्हणाला.

"मग उद्या डॉक्टरांकडे जायचं ना?"

"जाऊ."

बायको पाठमोरी होती तशीच रडायला लागली. धाकटी आत जाऊन आंघोळ करून आली आणि पोटभर जेवली. कितीतरी महिन्यांनी ती वजनाची काळजी न करता जेवत होती. टर्नर तिच्यासमोर बसून राहिला, पण त्याला तिच्याकडे बघणं जमेना.

पुढच्या खेपेला वकीलसाहेबांच्या खुर्चीवर एक नवा माणूस होता. मावशींनीच त्याला विचारलं, "तुमचा कोण?" त्याने कुठल्यातरी पोहणाऱ्याचं नाव सांगितलं. वाद सुरू झाला, बराच रंगला. मग मावशी टर्नरकडे वळल्या.

"आणि तुझ्या पोरीचं काय करायचं रे? ठेवायची का शर्यतीत? हरली म्हणजे कायमचीच हरली असं थोडंच आहे!"

"नाही मावशी. ती सोडतेय खेळ," टर्नर म्हणाला. "तेवढी मोठी नव्हती ती."

"असं म्हणतोस? बापाला असं बोलायला धीर लागतो हो." मावशींच्या आवाजात खरं कौतुक होतं. "मग तुझा कोण?"

टर्नरला एकच नाव माहीत होतं. जगात आजवर जेवढे खेळाडू झाले, त्यांतल्या कुणीही केलं नव्हतं ते त्याच्या पोरीने केलं होतं, हे त्या खोलीत त्या एकट्यालाच कळलं होतं. पण ते सांगायचं, तर ते आपल्याला कळलंय हेही सांगावं लागलं असतं.

"वकीलसाहेबांचा धावपटू," तो म्हणाला.

"चांगला होता तो," मावशी म्हणाल्या, आणि नव्या माणसाला जिम्नॅस्टबद्दल सांगायला लागल्या. टर्नरने मान फिरवून डोळे मिटले. ऑपरेशनची तारीख मिळाली होती, आणि त्याला ती जरा लवकरची हवी होती.