तळव्याखालची पट्टी

राणीच्या उजव्या हाताची दोन बोटं माझ्यामुळे गेली. हे मला माहीत आहे, देवाला माहीत आहे आणि तिसऱ्या कुणाला माहीत नाही, असं मी चार वर्षं धरून चाललो होतो.

राणी माझ्या थोरल्या भावाची, किशोरदादाची मुलगी. कुकटपल्लीच्या एका कारखान्यात मी तीस वर्षं टूलरूम सांभाळली, तिथं पत्र्याला ठोका मारून आकार देणाऱ्या प्रेसवर तिला मीच लावून दिलं. प्रेसला दोन बटणं असतात. दोन्ही हातांनी दोन्ही एकदम दाबली तरच ठोका पडतो, म्हणजे बोटं आत राहायची भीती नाही. पण अशानं काम हळू होतं. म्हणून आमच्यासारखे अतिशहाणे एक बटण दाबून त्यावर काळी टेप गुंडाळून टाकतात, की एक हात मोकळा. त्या दिवशी माल अर्जंट होता. राणी चहाला गेलेली असताना तिच्या प्रेसवर मी टेप लावली आणि तिला सांगायचं राहून गेलं. ती परत आली, उजव्या हातानं आतला पत्रा सरळ करायला गेली आणि डावा हात सवयीनं बटणावर पडला.

चौकशीला साहेब आले. सगळ्यांना उभं करून विचारलं, "ये टेप कौन लगाया?" मी बुटांकडे बघत राहिलो. कागदावर लिहिलं गेलं की कामगाराचं लक्ष नव्हतं.

तेव्हापासून दादा घरी येणाऱ्या प्रत्येकाला सांगतो, "लक्षच नव्हतं पोरीचं. पहिल्यापासून धांदरट." राणी मान खाली घालून चहा ठेवते आणि मी तो पितो. दादाच्या बरकतपुऱ्यातल्या घरचा तो चहा चार वर्षांत एकदाही गोड लागला नाही मला.

गेल्या महिन्यात ती आमच्याकडे अंबरपेठला आली आणि पिशवीतून बंदूक काढून तिनं जेवणाच्या टेबलावर ठेवली. माझी बायको पद्मावती किंचाळलीच.

"काकी, खरी नाही. रंगाच्या गोळ्या उडतात हिच्यातून. मार्कर म्हणतात," राणी हसून म्हणाली. आता ती एका कंप्युटर कंपनीत होती, तिथल्या पोरांनी पेंटबॉलची टीम काढली होती. शहराबाहेरच्या ग्राउंडवर रविवारी सामने. "ट्रिगर पहिल्या बोटाचा असतो काका. माझ्याकडे तेच नाही. शेवटच्या दोन बोटांचा बनवून द्याल?"

"डाव्या हातानं खेळ की."

"डाव्यानं जेवते, डाव्यानं लिहिते. एक तरी गोष्ट उजव्यानं करू द्या न."

मी कानस शोधायला उठलो.

पितळेची पट्टी कापून लांब ट्रिगर केला, अनामिका आणि करंगळी दोन्ही बसतील असा. पहिला फार जड झाला, ओढताना तिची बोटं थरथरायची. मग आतला खटका घासत गेलो. घासला, लावून पाहिला, परत घासला. शेवटी लोण्यासारखा चालायला लागला. राणी खूश, पण इतका हलका ट्रिगर धक्क्यानंही सुटणार, हे मला न सांगता कळत होतं. गॅलरीत मार्करच्या दांड्यावर मी रबरी हातोडी मारली. फट्! पिवळी गोळी पद्मावतीच्या वाळत घातलेल्या साडीवर फुटली. दोन दिवस माझ्याशी अबोला.

म्हणून मी मुठीच्या मागच्या बाजूला आणखी एक पट्टी बसवली. तळव्यानं ती दाबून धरली तरच ट्रिगर हलणार, नाहीतर कुलूप. पकड घसरू नये म्हणून मुठीच्या खालच्या टोकाला थोडी काळी टेप गुंडाळली आणि टेपचं टोक दुमडलं. ही माझी जुनी खोड. टोक दुमडलं की सोडवताना नखं घासावी लागत नाहीत. कारखान्यात मला त्यावरून हसायचे. राणी शेजारी बसून बघत होती.

"पट्टी नक्को काका. तळव्याला टोचते. दाबून धरण्यातच वेळ जातो."

"पट्टी राहील."

"प्रेसचं भूत शिरलंय तुमच्यात," ती म्हणाली. मी गप्प बसलो. गप्प बसण्यात माझा हात कोण धरणार!

रविवारी मीही ग्राउंडवर गेलो. तिथल्या मार्शलनं, म्हणजे पंचानं, राणीचं मार्कर हातात घेतलं, उलटंपालटं केलं आणि हातोडीनं चार ठोके दिले. सुटलं नाही. "पास," तो म्हणाला. टीमचा कॅप्टन मंदार म्हणून पुण्याचा मुलगा होता. "काका, भारी काम केलंयत हां!" त्यानं माझा हात हातात घेतला. राणी तेवढ्यात तिच्या बॅगेपाशी जाऊन वाकली. मला वाटलं, बुटाची नाडी बांधतेय.

मी जाळीच्या बाहेर उभा राहिलो. आत लोखंडी पिंपं रचलेली, एका पिंपामागे राणी आणि मंदार. नळीवरचं कापडी टोपण काढलं की गॉगल उतरवायचा नाही, असा तिथला नियम. राणीनं टोपण काढलं. मंदारच्या काचेवर वाफ धरली होती. मार्शलची पाठ बघून त्यानं गॉगल कपाळावर सरकवला आणि बाहीनं पुसायला लागला.

आणि तेव्हाच मला राणीची मूठ दिसली. तळव्याखालची पट्टी चपटी बसलेली, वरून काळी टेप, पाच-सहा वेढे.

आता ओरडावं, तर मार्कर बाद होणार आणि तिचा खेळ संपणार. न ओरडावं, तर मंदारचा डोळा उघडा आहे. मागं एकदा टेपचं सांगायचं राहून गेलं होतं, त्याचं काय झालं ते त्या मुठीवरच दिसत होतं.

"राणी!" मी ओरडलो.

ती दचकून वळली. तिच्याबरोबर मार्कर वळलं आणि दांडा पिंपावर आपटला.

फट्!

पिवळा रंग मंदारच्या कानामागच्या पिंपावर फुटला. त्याच्या उघड्या डोळ्यापासून एक वीत. गालावर शिंतोडे उडाले, तो मटकन खाली बसला. ओरडलो नसतो तर कदाचित ती वळलीही नसती, हे मला तेव्हाच कळलं.

शिट्टी वाजली. "गॉगल नीचे! सब लोगां मार्कर नीचे रखो!" मार्शल धावत आला. त्यानं राणीचं मार्कर उचललं, मूठ पाहिली आणि सगळ्यांवर नजर फिरवली.

"ये टेप कौन लगाया?"

तेच शब्द. अगदी तेच.

"मैं लगाई," राणी लगेच म्हणाली.

"गॉगल मी काढला. माझीही चूक आहे," मंदार गाल पुसत म्हणाला.

तीन सेकंद लागले त्या पोरांना. फक्त तीन. मला माझीच लाज वाटली.

"मी लावली होती," माझ्या तोंडून निघालं. "राणी, प्रेसवरची टेप मी लावली होती."

"कौनसी प्रेस, चचा?" मार्शल गोंधळला. मंदार माझ्याकडे बघत राहिला. राणीनं मात्र काही विचारलं नाही.

तिला त्या दिवसापुरतं बाहेर बसवलं. बाकावर आम्ही दोघं बसलो, मधे मार्कर. आत सामना पुन्हा सुरू झाला होता.

"मला माहीत होतं," ती म्हणाली.

"कधीपासून?"

"त्याच दिवसापासून. हाताला कपडा गुंडाळून मला उचलत होते, तेव्हा बटण दिसलं. टेपचं टोक दुमडलेलं होतं."

"मग बोलली का नाहीस गं?"

"साहेबांनी तुम्हाला विचारलं होतं काका. मी वाट बघितली."

मला रडू फुटलं. एकोणसाठाव्या वर्षी, अनोळखी पोरांसमोर, नाक ओढत रडलो. तिनं समजूत घातली नाही, आणि तेच बरोबर होतं. तिनं मार्कर मांडीवर घेतलं, पट्टीवरच्या टेपचं टोक धरलं आणि एका ओढीत ती सोडवली. तिनंही ते दुमडून ठेवलं होतं. खटकन पट्टी वर आली.

"मी पण तेच केलं," ती हळूच म्हणाली. "मंदारचा डोळा गेला असता."

"चुकलो गं मी."

"मला नका सांगू. मला माहीतच आहे." तिनं स्वतःचा मोबाईल काढला, करंगळीनं नंबर लावला, स्पीकर चालू करून माझ्यासमोर धरला. "बाबांना सांगा."

दोन रिंगा झाल्या. मी तिच्याकडे बघितलं, तिनं हात मागे घेतला नाही.

"हां, बोल राणी," पलीकडून दादा म्हणाला. "काय झालं? पुन्हा काही धांदरटपणा केलास का?"

"दादा," मी म्हणालो, "मी दत्तोबा बोलतोय."