शब्दाची पाटी

"उचल म्हणते ना! मुकाट्यानं उचल ती पाटी!"

बागवाली मावशी टेम्पोच्या तोंडासमोर कमरेवर हात देऊन उभी होती. पायाशी पाटी, पाटीत पहिल्या तोड्याची लिंबं, एकेक निवडून, पुसून रचलेली. आडत्या आत बसलेला. पुढं मावशी, मागं चर, बिचारा जातो कुठं?

"मावशी, आता कोण घेतं पाटी? भाव मोबाइलवर कळतो. ज्या दिवशी तोडाल त्या दिवशीचा भाव देतो, रोख देतो. आणखी काय पाहिजे?"

"तुझा बाप कधी पाटीला नाही म्हणाला नाही."

"बापाकडं मोबाइल नव्हता," आडत्या म्हणाला, आणि मावशी पाटी उचलायला वाकली तेवढ्यात टेम्पो बाजूनं काढून निघून गेला. धुरळा सगळा लिंबांवर बसला. मावशीनं त्याच्या सात पिढ्यांची आठवण काढली, पण ती ऐकायला कोणी नव्हतं.

आता पाटीची भानगड काय, तर ऐका. फळ धरलं की बागवाल्यानं आडत्याला एक पाटी फुकट द्यायची आणि भाव ठरवायचा, महिन्याच्या मुदतीनं. पुढं भाव पडला तरी आडत्यानं ठरल्या भावानं माल उचलायचा, तोंड वाकडं करायचं नाही. भाव चढला तर बागवाल्यानं खुशाल दुसऱ्याला विकायचं. गेलं तर पाटीएवढंच गेलं. कागद नाही, सही नाही, म्हणून ती शब्दाची पाटी.

पण मावशीचा जीव भावासाठी जळत नव्हता. पाटी घेतली की या आडत्याचा बाप महिनाभर रोज संध्याकाळी बागेत चक्कर मारायचा. आपल्या गळ्यात कसला माल पडणार, ही त्याला काळजी. मग चहा व्हायचा, गप्पा व्हायच्या, थोडं भांडण व्हायचं. नवरा गेल्यापासून ओसरीतल्या दुसऱ्या स्टुलावर वर्षात तेवढे तीस दिवस कोणी बसायचं. बाकीचे दिवस त्यावर कपड्यांचा ढीग असायचा. यंदा बापाची गादी या आडत्याकडं आली आणि तेही तीस दिवस गेले. मावशीनं पाटी घरात आणून ठेवली आणि लिंबांवरची धूळ पुन्हा पुसत बसली.

मुलगा होता, एकुलता एक, चार वर्षं लांबच्या शहरात शेअरबाजाराच्या एका कचेरीत. वाईट नव्हता हो पोरगा. दर रविवारी फोन करायचा. जेवलीस का, गोळी घेतलीस का, मोटर चालू आहे ना, पैसे पोचले ना, मग ठेवू? मावशी म्हणायची, "ठेव." दीड मिनिटात आटपायचं. कढईतलं तेलसुद्धा तेवढ्यात तापत नाही.

त्या रविवारी मात्र "ठेवू?" म्हणायच्या आत मावशीनं आडत्याचं गाऱ्हाणं सांगून टाकलं. पलीकडं मुलगा एकदम हसला.

"आई, ती पाटी म्हणजे पुट की गं!"

"कोण पुट?"

"अगं, आमच्या बाजारात ऑप्शन असतात. त्यातला एक पुट. ठरल्या भावानं, ठरल्या मुदतीत शेअर विकायचा हक्क. हक्क फक्त, बंधन नाही. त्यासाठी आधी प्रीमियम भरायचा. तीच तुझी पाटी! इथं लोक क्लास लावून शिकतात, आणि तू चाळीस वर्षं करतेयस."

बावीस मिनिटं बोलला तो त्या दिवशी. मावशीनं भिंतीवरच्या घड्याळात पाहिली होती ना! फोन ठेवल्यावर ती कितीतरी वेळ फोनकडंच बघत बसली. मग उठली आणि स्टुलावरचे कपडे उचलले.

पुढच्या रविवारी तिनं सांगून टाकलं, "मला शिकव ते."

"तुला? कशाला?"

"का? मला अक्कल नाही?"

तर झालं सुरू. मुलानं खातं उघडून दिलं, मोबाइलवर काय दाबायचं ते सांगितलं. मावशी जुन्या कॅलेंडरच्या पाठीवर लिहून घ्यायची. प्रीमियम म्हणजे पाटी. एक्स्पायरी म्हणजे मुदत. स्ट्राइक म्हणजे ठरलेला भाव. शंका तर अशा काढायची की तो बिचारा घामाघूम.

"पण माझ्याकडं त्या कंपनीचा शेअरच नाही, मग विकू काय, माझं डोंबल?"

"शेअर नाही विकायचा, आई. भाव पडला की तुझ्या हक्काला किंमत येते. तो हक्कच दुसऱ्याला विकायचा."

"म्हणजे आडत्यानं मला दिलेला शब्द मी परस्पर तिसऱ्याला विकायचा?"

"हो."

"आणि हे तुम्ही सूट-बूट घालून करता?"

तो खो-खो हसला. लहानपणी झाडावर चढून हसायचा तसा. मावशीला भरून आलं, पण तिनं खोकल्यावर निभावलं.

"आणि नीट ऐक," तो म्हणाला, "घेणाऱ्याचं गेलं तर पाटीएवढंच जातं. पण आडत्याच्या जागी बसून पुट विकणाऱ्याचं घर बसू शकतं. त्या बाजूला कधी जायचं नाही. आणि पाटीतली लिंबं रोज सुकतात, लक्षात ठेव. भाव जागचा हलला नाही तरी मुदत जवळ येते तशी हक्काची किंमत उतरत जाते. शेवटच्या दिवशी आपल्या बाजूनं भाव नसेल तर शून्य."

एका सिमेंट कंपनीचा शेअर पाचशेला होता. मावशीनं तसे तीनशे शेअर पाचशेला विकायचा हक्क घेतला, वीस दिवसांच्या मुदतीचा. पाटी पडली तीन हजारांची. ते लिंबाचेच पैसे होते.

आणि गंमत अशी झाली, की मुलगा रोज फोन करायला लागला. आईचे पैसे अडकलेले, त्याच्या जिवाला घोर! सकाळी बाजार उघडला की फोन, दुपारी मिटायच्या आधी फोन. बाजाराचं झालं की सहज दुसरं काही निघायचं. त्याचा साहेब कसा खडूस आहे, तो डबा एकटाच कसा खातो, खोलीच्या खिडकीतून समोरची भिंतच कशी दिसते. हे मावशीला इतक्या वर्षांत माहीतच नव्हतं! आपलं पोर तिकडं आपल्यासारखंच एकटं बसतं! सकाळची तोडणी ती आता फोनआधी उरकायची आणि हात धुऊन स्टुलाशेजारी येऊन बसायची. फोन त्या दुसऱ्या स्टुलावर.

पंधराव्या दिवशी शेअर पडला. पाचशेचा पावणेपाचशे.

"आई! तुझी पाटी आठ हजारांची झाली! वीक आत्ताच्या आत्ता. लाल बटण दाब."

"दाबते," मावशी म्हणाली.

तिनं लाल बटणावर बोट नेलं. आणि मग तिच्या डोक्यात आलं, की विकलं तर उद्या सकाळी हा कशाला फोन करेल? मुदतीचे अजून पाच दिवस होते. पाच दिवस, रोजचे दोन फोन. आडत्याचा बापसुद्धा मुदत सरेपर्यंतच यायचा, व्यवहार मिटला की फिरकायचा नाही. मावशीनं बोट मागं घेतलं आणि पदराला पुसलं.

"दाबलंस?"

"रेंज जातेय रे इथं."

दुसऱ्या दिवशी शेअर थोडा चढला, पाटी सहा हजारांवर आली. मुलगा फोनवर कपाळ बडवत होता. "आई, सुकतेय ती! वीक!" मावशी म्हणाली, चष्मा सापडत नाही. तिसऱ्या दिवशी म्हणाली, बोट चुकतंय. चौथ्या दिवशी शेअर पुन्हा पाचशेच्या वर गेला. मुदतीच्या शेवटच्या दिवशी दुपारी बाजार मिटला आणि पाटीत काही म्हणता काही उरलं नाही.

"तीनाचे आठ झाले होते!" मुलगा ओरडला. "हातात आलेलं घालवलंस! कितीदा सांगितलं? तुझ्याच्यानं व्हायचं नाही हे. काढून टाक ते सगळं फोनमधून. पुन्हा या भानगडीत पडायचं नाही."

"बरं," मावशी म्हणाली.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती हात धुऊन येऊन बसली. बाजार उघडला असेल. फोन वाजला नाही. दुपारी बाजार मिटला असेल. तेव्हाही नाही. तिसऱ्या दिवशी तिनं फोन उचलून कुठं बिघडला नाही ना ते पाहिलं. काही बिघडलं नव्हतं. मुलानं सांगितलं होतं, घेणाऱ्याचं पाटीएवढंच जातं. कुठल्या शाळेत शिकला होता कुणास ठाऊक. संध्याकाळी तिनं घड्या करून कपडे पुन्हा स्टुलावर रचले.

रविवारी फोन आला. आवाज जुनाच, घाईतला.

"जेवलीस का?"

"जेवले."

"गोळी?"

"घेतली."

"मोटर चालू आहे ना? पैसे पोचले?"

"हो."

"मग ठेवू?"

मावशीनं तोंड उघडलं. चार वर्षं त्या जागी एकच शब्द ठरलेला.

"नको ठेवूस," ती म्हणाली.

"काय झालं? बरं नाही का?"

"बरी आहे. रेंजही होती, चष्माही नाकावरच होता. विकलं असतं तर तू दुसऱ्या दिवशी फोन केला असतास का? म्हणून नाही विकलं. आता ओरडायचं तर ओरड."

मावशीला वाटलं, गेला वाटतं खरंच ठेवून. तिनं फोन कानाला आणखी दाबला. मग लांबून खुर्ची ओढल्याचा आवाज आला, आणि कोणीतरी जड अंगानं त्या खुर्चीत बसलं.

"आई," मुलगा म्हणाला. "तो आडत्या... नेतो तरी का माल वेळेवर?"

"कसला नेतो मेला!" मावशी म्हणाली, आणि एका हातानं स्टुलावरचे कपडे खाली ढकलून फोन स्पीकरवर टाकून तिथं ठेवला. "थांब, पहिल्यापासून सांगते."